सिंधूला चाळीस मार्क

पत्र

ताई, नमस्कार. मी लालबागला राहते, शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. आमच्या इमारतीतल्या आठ-नऊ जणी दर शनिवारी दुपारी सोसायटीच्या ऑफिसात जमतो आणि एकेक नाटक मोठ्याने वाचतो. गेल्या महिन्यात गडकऱ्यांचं 'एकच प्याला' वाचलं. शेवटचा अंक दोघींना वाचवेना. चहा झाल्यावर माझ्याच डोक्यातून एक खेळ निघाला: सिंधूच्या मरणाला कोण किती जबाबदार? प्रत्येकीने शंभर मार्क वाटायचे आणि चिठ्ठी टाकायची. मी सुधाकरला ६०, तळीरामाला ३० आणि इतरांना मिळून १० दिले. एका चिठ्ठीत 'सिंधू ४०' निघालं. अक्षर माझ्या धाकट्या जावेचं. विचारलं तर म्हणाली, "माहेरचे न्यायला आले होते ना? गेली नाही. स्वतः मेली ती मेली, पोराला घेऊन मेली." मला काय झालं कळलं नाही. सगळ्यांदेखत मी तिला बोलले, "तू बाई आहेस की कोण?" ती उठून गेली. तीन आठवडे झाले, एकाच मजल्यावर राहून आमचं बोलणं बंद आहे. लिफ्टमध्ये भेटली तर मोबाइल बघत उभी राहते. ती तशी कठोर नाही हो. तिची मोठी बहीण अशाच घरात दिलेली होती, ती गेली तेव्हा हिला सावरता सावरत नव्हतं. पण तो वेगळा विषय. ती चिठ्ठी अजून माझ्या पाकिटात आहे. घरचे हसतात, जी कधी जन्मलीच नाही तिच्यावरून भांडता म्हणून. मला एवढंच सांगा, आमच्यात बरोबर कोण? आणि त्या मरणात कुणाचा वाटा किती?

— एक वाचक, लालबाग

उत्तर

ताई,

घरच्यांच्या हसण्याचं आधी आटपते. शेजारच्या घरातल्या सुनेवरून आपण भांडत नाही. मामीच्या, आत्याच्या संसाराचा विषय निघाला की "जाऊ दे, त्यांच्या घरातलं आहे" म्हणून गप्प होतो. सिंधूबद्दल मोकळं बोलता येतं, कारण तिच्या सासरचं कुणी उठून जाब विचारायला येत नाही. गडकरी २३ जानेवारी १९१९ ला गेले. नाटक रंगभूमीवर आलं ते त्यांच्या मागे, त्याच वर्षी, पदं वि. सी. गुर्जरांनी लिहून दिली. ज्या बालगंधर्वांना लोक शालू-पैठणीत बघायला यायचे, ते सिंधू होऊन फाटक्या लुगड्यात समोर आले आणि प्रेक्षक रडले. शंभर वर्षं उलटून गेली तरी लालबागच्या सोसायटी ऑफिसात दोघींना तो अंक वाचवत नाही. एवढं ज्या बाईत आहे, तिच्यावरून दोन जावा भांडल्या तर त्यात हसण्यासारखं काही नाही.

ज्यांनी नाटक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सुधाकर हुशार, मानी वकील. कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो, सनद काही काळासाठी जाते. अपमान विसरायला म्हणून त्याचा कारकून तळीराम त्याला पहिला पेला देतो. पुढे घर धुऊन निघतं. बायको सिंधू माहेरची श्रीमंत, भाऊ पद्माकर. पण नवऱ्याला कमीपणा नको म्हणून ती माहेरचा पैसा घेत नाही, दळणं दळून दिवस काढते. शेवटी दारूच्या नशेत सुधाकरच्या हातून लहान मुलाचा जीव जातो, सिंधूही जाते, आणि जाताना फौजदारासमोर नवऱ्याला वाचवणारी जबानी देते. मग सुधाकर दारूत विष घालून पितो.

आता तुमचा खेळ. ताई, रागावू नका, पण भांडण त्या शंभर मार्कांनी लावलं. तुम्ही शिक्षिका, तुमच्या हाताला मार्कांची सवय आहे. पण हे शंभर येतात कुठून? टक्केवारी लागते ती पैशाच्या वाटणीला. मोटार अपघाताच्या दाव्यात न्यायाधिकरण ठरवतं की ट्रकवाल्याची चूक ७० टक्के, स्कूटरवाल्याची ३०. तिथे ते बरोबरच आहे, कारण भरपाईची रक्कम एकच असते आणि ती कुणाच्या खिशातून किती जायची हे ठरवायचं असतं. एकाचं वाढलं की दुसऱ्याचं कमी होणारच. पण तोच कायदा फौजदारी गुन्ह्याकडे वळला की टक्के विसरतो. जुन्या दंड संहितेत कलम ३४ होतं, नव्या न्याय संहितेत ते ३(५) म्हणून आलं आहे: अनेकांनी एकाच इराद्याने मिळून गुन्हा केला, तर प्रत्येक जण तो एकट्यानेच केल्यासारखा जबाबदार. चौघांनी मिळून एकाला मारलं म्हणून प्रत्येकाच्या नावावर पाव खून लागत नाही.

तुमच्या जावेने सिंधूला ४० दिले त्या क्षणी सुधाकरसाठी फार तर ६०च उरले. त्याने केलं त्यातलं काहीच कमी झालं नव्हतं, तरी कागदावर त्याचं ओझं उतरलं. तुम्हाला जे झोंबलं ते हेच असावं. पण तुम्ही तळीरामाला ३० दिलेत तेव्हाही सुधाकरचं ओझं तसंच उतरवलंत. ते तुम्हाला झोंबलं नाही, कारण तळीराम आपल्याला कुणालाच आवडत नाही.

म्हणून मी चिठ्ठी टाकली असती तर त्यावर आकडा लिहिला नसता. प्रत्येकाची वही वेगळी ठेवली असती. त्याला त्या वेळी काय कळत होतं, त्याच्या हातात काय होतं, आणि सिंधूचं तो काय देणं लागत होता, एवढं त्याच्या वहीत. एकाची वही भरली म्हणून दुसऱ्याची कोरी होत नाही.

सुधाकरची वही पूर्ण भरलेली आहे. त्याचा अपमान खरा होता, मला त्याच्याबद्दल वाईटही वाटतं. आजचे डॉक्टर व्यसनाला आजार म्हणतात, तेही मान्य. तलफ का आली म्हणून माणसाला बोल लावणं म्हणजे ताप का आला म्हणून लावणं. पण नाटकात त्याचे शुद्धीवरचे दिवस आहेत. एकदा तो सोडतोसुद्धा. पिऊन घरी गेलो की काय होतं, हे त्या दिवसांत त्याला पुरतं ठाऊक होतं. हात उचलला तेव्हा तो भानावर नव्हता. पण त्या बेभानपणाकडे तो भानावर असताना चालत गेला, आणि पुन्हा पुन्हा गेला. ती त्याची बायको होती, ते त्याचं मूल होतं. यातलं एक ओळभरही मी दुसऱ्या कुणाच्या वहीत टाकणार नाही.

तळीरामावर मी वेळ घालवत नाही. त्याने पेला पुढे केला, आणि त्याच दारूने तो स्वतःही मेला. मला काळजी वाटते ती आपल्या सोयीची. पिणाऱ्या मुलाची प्रत्येक आई एक तळीराम शोधून ठेवते. आमचा बाळ्या गुणाचा हो, त्या अमक्याने बिघडवला. इतकी वर्षं पत्रं वाचते आहे, ते वाक्य नसलेलं पत्र मला क्वचित आलं. ते ३० मार्क त्या वाक्यातले आहेत.

त्यापेक्षा एक वेगळी मंडळी बघा, जी नाटकात पटकन येऊन जाते. सुधाकर दारू सोडतो, नोकरी मागत हिंडतो, आणि प्रतिष्ठित लोक त्याला दारात उभं करत नाहीत. पुन्हा प्यायला तो जातो तो तिथून. ही माणसं दारूला शिवलेली नाहीत. सिंधूला त्यांनी पाहिलंही नसेल. तुमच्या 'इतरांना १०' मध्ये ती होती का? नसतील तर पुढच्या वेळी घ्या. व्यसनमुक्ती केंद्रातून परत आलेल्या माणसाला आपल्या इमारतीत वॉचमन म्हणून ठेवायचं का, हा प्रश्न सोसायटीच्या मीटिंगमध्ये आला तर आपण काय म्हणू, याचा मी विचार करते तेव्हा मला त्या लोकांवर फार जोरात बोट दाखवता येत नाही.

आणि शेजारी. नाटकात त्यांना फार जागा नाही, पण मला त्यांच्याबद्दलच सांगायचं आहे. मी गिरगावातल्या चाळीत वाढले. आमच्यापासून तिसऱ्या खोलीत एक कुटुंब होतं. पगाराच्या दिवशी रात्री आधी पातेलं पडल्याचा आवाज यायचा, मग त्याचा आवाज, आणि मग एकदम शांत. ती शांतता सगळ्यात वाईट. माझी आई उठून रेडिओचं बटण थोडं फिरवायची. सकाळी ती बाई सार्वजनिक नळावर कपाळापर्यंत पदर ओढून यायची, आणि आई काही न बोलता तिला आपल्या पुढचा नंबर द्यायची. आईच्या मनात माया होती. तिला वाटायचं, आपण आणखी काय करणार?

त्याच मजल्यावर एक मावशी गिरणी कामगारांची खाणावळ चालवायच्या. पातेल्याचा आवाज आला की त्या हातातलं टाकून रिकामी वाटी घ्यायच्या आणि ते दार ठोठवायच्या. "वाटीभर साखर आहे का गं?" रात्री दहा वाजता. दार उघडायलाच लागायचं, आणि परक्या बाईसमोर त्याचा हात खाली यायचा. साखर हातात पडेपर्यंत त्या चौकटीतून हलायच्या नाहीत. कधी आतच बसकण मारून गप्पा काढायच्या. तो सुधारला वगैरे काही नाही. पण ती रात्र जायची. मी आठ-नऊ वर्षांची असेन. तेव्हा मला मावशींना एवढी साखर का लागते हेच कळायचं नाही. आज आपल्याकडे बायकांच्या मदतीसाठी १०३ आहे, १८१ आहे, फोन फिरवता येतो. तरी वाटी घेऊन जाणारं माणूस लागतंच.

माझ्या आईच्या वहीत काही लिहायचं की नाही, हे मी पन्नास वर्षांत ठरवू शकलेले नाही. पण वही आहे. सुधाकरच्या हाताला १०० दिले की आपल्या सगळ्यांच्या वह्या आपोआप मिटतात, ते मला नको आहे.

आता सिंधू. इथे मी तुमच्या बाजूची आहे, पण अर्धीच, हे आधी सांगून ठेवते.

"माहेरचे आले होते, गेली का नाही?" असं विचारताना आपण आजच्या लालबागमध्ये उभ्या असतो. १९१९ च्या, सिंधूसारख्या घरातल्या बाईला घटस्फोट नव्हताच. तो मुंबई प्रांतात हिंदू स्त्रीला कायद्याने मिळाला १९४७ साली, देशभर १९५५ साली. त्याआधी याच मुंबईच्या हायकोर्टात रखमाबाईंचा खटला झाला. लहानपणी लावलेल्या नवऱ्याकडे नांदायला त्यांनी नकार दिला, आणि १८८७ साली कोर्टाने सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या तुरुंगाला तयार झाल्या, पुढच्या वर्षी नवऱ्याला पैसे देऊन प्रकरण मिटलं, आणि नंतर त्या डॉक्टर झाल्या. पण रखमाबाईंना शिकलेलं घर होतं, पाठीशी उभी राहणारी माणसं होती. सिंधूला लहानपणापासून जे शिकवलं त्यात नवऱ्याचे पाय सोडणं हे मरणापेक्षा मोठं पाप होतं. आणि हे तिला फक्त माहेर-सासरने शिकवलं नाही. 'कशि या त्यजू पदाला' म्हणणाऱ्या सिंधूला 'वन्स मोअर' देणाऱ्या प्रेक्षकांनीही शिकवलं. रेडिओवर ते पद लागलं की मीसुद्धा हातातलं काम थांबवते. सूर इतका गोड आहे की ती काय म्हणते आहे हे कानाआड होतं.

शिवाय पद्माकर न्यायला आला तेव्हा त्याचं म्हणणं एकच होतं: नवरा सोडून चल. त्याचं काही चुकलं असं मी म्हणत नाही, भाऊ दुसरं काय म्हणणार? पण दारातून जायचं ते तिनेच, हे त्यात गृहीत होतं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने हे पहिल्यांदा उलटं केलं. घर कुणाच्याही नावावर असो, बाईला त्यात राहायचा हक्क आहे, आणि गरज पडली तर कोर्ट त्यालाच घराबाहेर राहायला सांगू शकतं. सिंधूला हा तिसरा रस्ता कुणी दाखवला नाही, कारण तो नव्हताच.

आता माझी दुसरी अर्धी बाजू. तुमच्या जावेच्या तोंडून जे निघालं त्यात एक शब्द खरा होता, आणि तो तुम्ही रागात ऐकला नाहीत. ती म्हणाली, पोराला घेऊन. त्या बाळाला पतिव्रता व्हायचं नव्हतं. त्याने कुठली शपथ घेतली नव्हती. सिंधू स्वतःचा जीव पणाला लावत होती तोवर तो तिचा प्रश्न होता. पण पाळण्यातल्या जिवावर हक्क कुणाचा? मी सिंधूची वही उघडते तेव्हा त्यात बाळापुरती एक ओळ सापडते, आणि ती मला खोडता येत नाही. तिला काय दिसत होतं, तिच्या हातात किती कमी होतं, हे सगळं त्या ओळीच्या बाजूला लिहिता येतं. तरी ओळ राहते. पण त्या ओळीने सुधाकरची वही एका अक्षराने हलकी होत नाही. हे दोन्ही एकदम खरं असू शकतं. शंभर मार्कांच्या खेळात ते बसत नाही, म्हणून तुम्ही दोघी दोन टोकांना जाऊन उभ्या राहिलात.

कीर्तनात कर्णाचं मरण असंच सांगतात. परशुरामाचा शाप, ब्राह्मणाचा शाप, इंद्राने मागून नेलेली कवचकुंडलं, कुंतीने लपवलेलं सत्य, शल्याचं टोचून बोलणं. एवढ्या जणांनी मिळून कर्णाला मारलं. सगळं खरं. म्हणून अर्जुनाच्या बाणाचं फळ पाऊणच लागलं, असं कुठला कीर्तनकार म्हणत नाही.

आता तो 'वेगळा विषय'. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दोन्ही वेळा त्याच शब्दांवर अडले. जावेची मोठी बहीण अशाच घरात होती, ती गेली, आणि तो वेगळा विषय. मला तो वेगळा वाटत नाही. तिच्या घरी काय झालं ते तुम्ही लिहिलेलं नाही, मी अंदाजाने निकाल देणार नाही. पण ज्या बाईने कधीतरी एस.टी.ने जाऊन बहिणीला "चल माझ्याबरोबर" म्हटलं असेल, आणि एकटीच परत आली असेल, तिला नाटकातली कोण आठवेल? तुम्ही सिंधू वाचत होता. ती कदाचित पद्माकर वाचत होती. ४० मार्क देणारा राग कधीकधी मेलेल्या माणसावरचा असतो: मी आले होते गं, तू का आली नाहीस. आणि त्याच्या खाली त्याहून वाईट असतं: मी अजून एकदा का गेले नाही. बहिणीला चाळीस दिले की स्वतःला थोडे कमी द्यावे लागतात.

पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी 'अल-अनॉन' म्हणून गट चालतात, मुंबईतही भरतात. तिथे नव्या माणसाला पहिल्यांदा हेच ऐकवतात की ही दारू तुम्ही लावली नाही, ती तुम्हाला आवरता येणार नाही आणि बरी करणंही तुमच्या हातात नाही. जाऊबाईंना कधी हवंसं वाटलं तर तिथे जाता येईल. तुम्ही मात्र त्यांना तिथे 'पाठवू' नका.

"तू बाई आहेस की कोण?" हे तुमचं वाक्य फार लागणारं होतं, आणि आठ जणींसमोर होतं. तुमचा राग सिंधूसाठी होता हे मला कळतं. तिला मात्र ते आपल्या बहिणीच्या सरणापाशी कुणी विचारल्यासारखं लागलं असेल. तेव्हा आमच्यात बरोबर कोण, याचं माझं उत्तर असं: सुधाकरचं ओझं कमी करू नये हे तुमचं बरोबर, बाळाला विसरू नये हे तिचं बरोबर, आणि माफी तुम्ही मागायची. तुम्ही थोरल्या आहात, आणि खेळही तुमचाच होता.

लिफ्टमध्ये नको. संध्याकाळी घरात माणसं नसताना तिच्या दारात जा. नाटकाचा विषय काढू नका, सिंधूचं नावही नको. "त्या दिवशी मी वाईट बोलले, माझं चुकलं," एवढं म्हणा आणि चहाची वाट बघा. ती बोलली तर बहिणीबद्दल विचारा. ती कशी गेली ते विचारू नका, ती कशी होती ते विचारा. काय गायची, कुणावर चिडायची, भाजी कशी करायची. पंधरा मिनिटांत उठायची वेळ आली तरी हरकत नाही, पुन्हा जा.

आणि ती चिठ्ठी पाकिटातून काढून घरी ठेवून जा. तिच्या स्वयंपाकघरात बसलेल्या असताना ती तुमच्याजवळ असायला नको.

तुमची,
ताई